वाल नदी चढली तेव्हा

“अहो, पोत्यात टाका! माझ्या बुटात नको!”

आलेइडा ओरडली तसा समोरचा तरुण फावडं हातात धरून थबकला. उंच, बोचऱ्या वाऱ्याने लालबुंद झालेला... आणि खुशाल हसणारा!

“बूट भरले तर तेही रचू की बंधाऱ्यावर.”

जानेवारीचा गारठवणारा पाऊस. वाल नदी काठाने घातलेल्या मातीच्या बंधाऱ्याच्या माथ्यापासून जेमतेम हातभर खाली. सारं गाव वाळूची पोती भरत होतं. शाळा बंद, म्हणून तिथली शिक्षिका आलेइडाही पोत्यांची तोंडं धरायला आली होती. हा फावडंवाला एव्हर्ट मात्र गावचा नव्हता. पुरामुळे नदीवरची वाहतूक थांबली आणि त्याची मालवाहू बोट इथे अडकली.

“बंधारा फुटला तरी तुमची बोट तरंगेल. इथे कशाला भिजताय?”

“बोटीत एकटाच असतो हो. इथे निदान ओरडायला कुणीतरी आहे—”

ती हसली नाही. म्हणजे, त्याला दिसेल अशी हसली नाही.

दुपारी एकच हाकाटी झाली. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, जमिनीतून पाणी उसळत होतं. तेही गढूळ! बंधाऱ्याखालची वाळूच वाहून चालली होती. सगळे धावले. उसळीभोवती पोत्यांचं कडं रचलं की आत साठलेल्या पाण्याच्या वजनानेच तिचा जोर मोडतो. पण कड्याची एक बाजू खचली. एव्हर्टने गुडघाभर पाण्यात उडी घेतली, पोत्यांना पाठ लावली. पाठोपाठ आलेइडा, त्याचा हात घट्ट धरून.

“एव्हर्ट, सोडू नकोस!”

“तू शेजारी असताना... सोडीन होय?”

धपाधप पोती पडली. कड्यातलं पाणी चढलं, संथ झालं... आणि नितळ! गाव आनंदाने ओरडलं. त्या गलक्यात दोघांचे हात मात्र एकमेकांत तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरू लागला. आठवड्याभरात नदी खुली झाली. त्या सकाळी वाटाण्याच्या दाट सूपचे वाडगे घेऊन दोघं बंधाऱ्यावर उभी होती.

“मग... निघालास?”

“माल पोचवायचाय. परत येताना थांबलो तर—”

“तर काय, तर? कधी, ते सांग.”

“शुक्रवारी.”

आलेइडाने खोल श्वास घेतला. “मला तू आवडतोस, एव्हर्ट. इतक्या लवकर कसं, ते विचारू नकोस... मलाही ठाऊक नाही.”

एव्हर्टचा चमचा सूपमध्ये बुडाला.

“मग गुरुवारीच येतो!”

आणि निरोपाला जमलेल्या साऱ्या गावादेखत तिने त्याला जवळ ओढलं.