पडद्याची शिवण

या जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही! हे मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा मी न्हाणीघराच्या दारात उताणा पडलो होतो आणि मानेची शीर दोन बोटांनी दाबून धरली होती.

"कारण आहे ना," ती म्हणाली. "तिसरा चहा."

माझा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेला. चकती अडखळली की मीटर बदलायचा. आता छातीतलीच चकती अडखळत होती. काही ठोके सरळ, मग एक गायब, मग धपकन असा की आतून कुणी दार ठोठावावं. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेई.

"गेलात का?" बायको विचारी. "नसाल तर सरका, केर काढायचाय."

अखेर डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "हृदय ठणठणीत आहे, काका. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्याने काही होत नाही. त्याच्याकडे बघत बसू नका." वर हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाची पट्टीही हातात दिली. मी ती पदक मिळाल्यासारखी मिरवत घरी आणली.

बायको गिऱ्हाइकांचे कपडे शिवते. त्या दिवशी मात्र आमच्याच खिडकीचा पडदा मशीनवर होता, आणि समोर मशीन दुरुस्त करणारा उभा होता.

"मशीन ठणठणीत आहे, मावशी. एखादा टाका सुटतो, त्याने काही होत नाही. त्याच्याकडे बघत बसू नका."

मला हसू फुटलं. बायकोला नाही.

दोन मीटर संशयास्पद वाटले की शेजारी शेजारी ठेवून बघायचे, ही जुनी खोड. मी गमतीने पट्टी पडद्याच्या कडेला लावली.

पट्टीत जिथे खंड, तिथे शिवणीत टाका सुटलेला. मी पट्टी उलटी धरली. जुळेना. सरळ धरली. पुन्हा जुळली, अगदी शेवटच्या खंडापर्यंत.

"ही कड आज शिवलीस?"

"छे, परवा. का हो?"

पट्टी आज सकाळची होती.

"काही नाही," मी म्हणालो आणि पट्टीच्या पुढची शिवण बोटाने चाचपत गेलो. सुटलेले टाके विरळ होत गेले. मग थांबलेच. पुढे एकसारखी, नेटकी, सरळ शिवण.

माझा एवढा मोठा सुस्कारा सुटला की दुरुस्तीवाल्याने मागे वळून पाहिलं.

आणि खरंच, त्या आठवड्यात छाती निवळली. तिसरा चहा सुटला, मानेवरचं बोट सुटलं. दुपारी मी आरामखुर्चीत पडून मशीनचा आवाज ऐकत असे. टकटकटक, कुठे खळ नाही. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पडदाही लांबलचक होता, बायकोने कापड मोजताना नेहमीसारखी चूक केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काल दुपारी मशीन थांबलं.

छातीत एक ठोका यायचा राहिला.

"अहो," आतून हाक आली, "रिळावरचा दोरा संपत आलाय."

मशीन पुन्हा सुरू झालं. ठोका आला.

मी चप्पल पायात सरकवली. एक पायात, दुसरी हातातच.

"आणतो. डझनभर आणतो. फक्त मी येईपर्यंत जरा हळू शिव."