दोन ते सव्वाचार

पटवून द्यायचं म्हणून सांगत नाही. माझ्या घरात घडलं, म्हणून सांगते.

मागच्या सप्टेंबरातला शेवटचा शुक्रवार. रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझी धाकटी बहीण प्रतिक्षा हिंगोलीच्या एका दवाखान्यात आयसीयूत नर्स आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही. ती माझ्याकडे कनेरगाव नाक्याला राहते, रोज जाऊन-येऊन करते.

पोरगी हुशार. नर्सिंगला वर्गात पहिली. पण तिचा स्वतःवर भरवसाच नव्हता. डोस बरोबर काढायची, तरी तीनदा दुसरीला विचारायची. शीर सापडली तरी हात मागे घ्यायची. डॉक्टर ओरडले, की जागीच थिजायची. चूक तिच्या हातून कधी झाली नाही. पण आयसीयूत एवढी वाट कोण बघणार? महिनाअखेरीला तिथून तिची बदली करायचं ठरलं होतं, आणि हे तिच्या कानावर आलं होतं.

त्या दिवशी दोनची ड्युटी. वाटेत काळीपिवळी जीपचं टायर फुटलं. स्टेपनीतही हवा नाही. फोन घरी चार्जिंगला राहिलेला, माझ्या समोरच.

दोन वाजले. तीन वाजले.

आयसीयूची नर्स आली नाही, आणि दवाखान्यातून एकही फोन नाही...

मला तेव्हाच ते खटकलं होतं.

सव्वाचारला ती पोचली. काय सांगायचं ते वाटभर घोकत होती. आयसीयूच्या दारात तिनं चपला काढल्या आणि आत घालायच्या चपलांसाठी रॅककडे हात नेला.

तिच्या चपला तिथं नव्हत्या.

ती अनवाणीच आत गेली. इन्चार्ज ज्योती सिस्टर रागावल्याच नाहीत. उलट हसून म्हणाल्या, "चहा झाला का? आज मन जिंकलंस, प्रतिक्षा."

तिला तो टोमणा वाटला.

पण ज्योती सिस्टर मनापासून सांगत होत्या. अडीचला जवळा बाजारकडची रूपाबाई आणली होती. सोयाबीन काढताना साप चावलेला. ड्युटीवरच्या दोघी सिस्टरांना शीर सापडेना. तेव्हा प्रतिक्षानं त्यांना बाजूला सारलं आणि एका दमात सुई लावली. रूपाबाईचा श्वास अडकायला लागला, तर डॉक्टर पोचायच्या आत श्वासाच्या नळीची सगळी तयारी करून ठेवली. डॉक्टर जरा थबकले, तर त्यांनाच म्हणाली, "सर, आता वेळ नाही."

प्रतिक्षानं रूपाबाईची फाइल उघडली.

२.३५... २.५०... ३.२०... ४.०५.

अक्षर तिचं. सही तिची. फक्त एक फरक होता. एवढ्या लिहिण्यात कुठंही खाडाखोड नव्हती.

त्या दिवशी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी रूपाबाईची नळी निघाली. बाहेर तिची सासू नर्मदाबाई बसून होती. तुमच्या सुनेला वाचवलं त्या याच सिस्टर, असं तिला कुणीतरी दाखवलं. म्हातारी बराच वेळ प्रतिक्षाकडे बघत राहिली. मग हाताला धरून तिला बाजूला घेतलं.

"बाई, त्या तुमी न्हाईत."

प्रतिक्षा हात सोडवून मागे सरकली.

"चेहरा ह्योच. पण त्या येगळ्या. मी पाया पडाया गेले, तर मला म्हणल्या..."

म्हातारीनं आयसीयूच्या दाराकडे पाहिलं.

"काय म्हणल्या?"

"म्हणल्या, ती उशिरा येईल. लई भित्री हाय. तिला म्हणावं, उगं तकलीफ घेऊ नको. आता मीच येत जाईन."

त्या रात्री तिनं हे सगळं मला सांगितलं. बदली रद्द झाली. सगळे म्हणायला लागले, प्रतिक्षा किती धीट झाली. दोनच्या ड्युटीला ती अकरालाच घर सोडायची. एकही सुट्टी घेईना. डॉक्टरांना तोंडावर उत्तर द्यायची. लोकांना तो आत्मविश्वास वाटायचा.

मला माहीत होतं, ती भीती होती. आपल्या आधी तिथं कुणी पोचू नये, याची भीती.

जानेवारीत तिला एकशेतीन ताप आला. मी बळजबरीनं निजवलं. दोन वाजून गेले तशी ती अंथरुणात उठून बसली.

"ताई, फोन लाव."

ती आजारी आहे एवढंच कळवायचं होतं. मी आयसीयूचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला.

"हॅलो, आयसीयू. सिस्टर प्रतिक्षा बोलते."

प्रतिक्षा माझ्या शेजारी बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते...

मी फोन तसाच धरून राहिले. तिकडूनही फोन ठेवला गेला नाही. मागं कुठलंसं मशीन टीक टीक वाजत होतं.

मग तोच आवाज, अगदी मायेनं म्हणाला,

"ताई, झोपू दे तिला."

त्यानंतर मी हे कुणाजवळ बोलले नाही. प्रतिक्षाही विषय काढत नाही. तिची ड्युटी चालू आहे. रात्री नऊ-साडेनऊला ती परत येते, कडी वाजवते, "ताई, मी आले" म्हणते.

मी कडीला हात लावते, आणि लगेच उघडत नाही.

आवाज तिचाच असतो.

रोज तिचाच असतो...