तीस सिटिंग, एक वाकडा चष्मा

त्या दवाखान्याच्या जिन्यातून मी पळून चालले होते, तेव्हा तो मला भेटला.

पळून म्हणजे खरोखरच पळून. वर काउंटरवर बाबा माझा फॉर्म भरत होते आणि मी ‘बाथरूमला जाऊन येते’ म्हणून सटकले होते. डोक्याला चुंबक लावणार, मेंदूला टिचक्या मारणार, तेही एकदा नाही, तीस वेळा... फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की क्वचित एखाद्याला फिट येऊ शकते. ते वाचलं आणि माझ्या पायांनी मला न विचारताच निर्णय घेतला.

जिन्याच्या वळणावर एक तरुण एका बाईंना हाताला धरून वर आणत होता. बाईंची मान खाली, पदर घट्ट ओढलेला. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि चष्मा वाकडा होता. एक काच भुवईवर, दुसरी गालावर.

“वर गर्दी आहे का हो?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. मी खाली चाललेय.”

त्याने काखेतली पिशवी चाचपली आणि त्याचा चेहरा पडला. “अरे यार... आईची फाईल रिक्षात राहिली. मॅडम, दोन मिनिटं हिला धरता? प्लीज. रिक्षा कोपऱ्यावरच असेल अजून.”

मी हो म्हणायच्या आत त्या बाईंचा हात माझ्या हातात होता आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत होता. हात गार होता, हलका होता, पण पकड... बापरे. तो धापा टाकत परत आला तरी बाईंनी मला सोडलं नव्हतं.

“आई, सोड त्यांना. त्यांना जायचंय.”

आईने सोडलं नाही. मग काय करणार, आम्ही तिघंही वर गेलो. बाबांनी फॉर्मवरून मान वर केली, “आलीस?” म्हणाले, आणि पुन्हा लिहायला लागले. माझी पहिली सिटिंग अशी झाली.

माझं नाव अस्मिता. घर बदलापूरला, खरवईत. नोकरी अंबरनाथ पूर्वेला चष्म्याच्या दुकानात. नोकरी *होती* म्हणायला हवं. माणूस दुकानात शिरला की मला त्याच्या चेहऱ्याआधी फ्रेम दिसायची. एखादी दांडी केसभर जरी वर असली, तरी माझे अंगठे शिवशिवायचे. ती सरळ केल्याशिवाय मी माणसाला बाहेर जाऊ द्यायची नाही.

मग गेल्या वर्षी हळूहळू सगळं पुसट होत गेलं. दुःख नाही हो, लोकांना वाटतं तसं रडू नाही. काहीच नाही. भात आणि भिंत एकच. दोन औषधं पुरेशा डोसने, पुरेसे महिने घेऊन झाली. तिसरं चालू होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, काही जणांचं डिप्रेशन गोळ्यांना दाद देत नाही, त्यात पेशंटची चूक नसते, आता हे करून बघू. जिन्यात तो वाकडा चष्मा मी पाहिला आणि मला काहीही वाटलं नाही. माझा आजार काय होता, ते याहून नीट मला सांगता येणार नाही.

खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी. कानातले, केसातल्या पिना, सगळं काढून एका वाटीत ठेवायचं, कारण चुंबकाजवळ लोखंड चालत नाही. मशीन चालवणाऱ्या शलाकाताईंनी कानात स्पंजचे बोळे दिले आणि डोक्यावर ती जाड चकती ठेवली. टक. थोडी सरकवली. टक. पुन्हा सरकवली... टक, आणि माझा उजवा अंगठा टुणकन उडाला.

“छान, अंगठ्याची जागा सापडली,” ताई म्हणाल्या. “यावरून तुमच्यासाठी जोर किती ठेवायचा ते ठरतं. आता तिथून थोडं पुढे जायचं, डाव्या बाजूला. तिथलं काम मंदावलंय.”

छान काय त्यात? तो अंगठा माझा होता आणि मी तो हलवला नव्हता. मग सुरू झालं टकटकटकटक, जरा थांबणं, पुन्हा टकटकटकटक. कवटीवर कुणी नखाने टिचक्या मारतंय तसं. मी पूर्ण शुद्धीवर होते आणि पूर्ण घाबरलेली होते.

बाहेर आल्यावर डोकं ठणकत होतं म्हणून शलाकाताई ‘दहा मिनिटं बसा’ म्हणाल्या. बाकावर तोच बसला होता. माझ्यानंतर त्याच्या आईची, गयाबाईंची वेळ होती. बाबा खाली स्कूटर काढायला गेले होते.

“दुखलं?” त्याने हळूच विचारलं.

“थोडं. हा... शॉकच असतो ना?”

“नाही नाही. शॉक वेगळा, त्यात भूल देऊन झोपवतात. ही कॉईल आहे. तांब्याच्या तारेची गुंडाळी, आठच्या आकड्यासारखी. करंट सोडला की क्षणभर चुंबक तयार होतं, बंद केला की गेलं. चुंबकाला हाड अडत नाही. ते आत जातं आणि आत बारीकसा करंट उठवतं. बस, एवढंच.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“मी मोटर वाइंडिंगवाला आहे. कॅम्प चारला दुकान आहे. जळलेल्या मोटरी उघडतो, नवी तार भरतो. मी शलाकाताईंना विचारलं, जरा उघडून दाखवता का मशीन... त्या म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा.”

त्याचं नाव मिलिंद. चष्म्याचा स्क्रू हरवला होता, म्हणून त्याजागी त्याने वाइंडिंगची तार पिळून बसवली होती.

“आता भीती गेली?” त्याने विचारलं.

“नाही. पण कशाची वाटते ते कळलं.”

सोमवार ते शुक्रवार आम्ही जात राहिलो. माझी दहा मिनिटं कधी संपायची नाहीत. गयाबाईंची सिटिंग होईपर्यंत मी बाकावरच असायची. तिसऱ्या दिवसापासून बाबांनी ‘डोकं अजून दुखतंय का?’ हे विचारणं सोडून दिलं आणि ते खाली पेपर वाचत बसायला लागले.

पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. दर शुक्रवारी एक कागद भरायचा. झोप कशी, भूक कशी, जगण्यात रस किती. मी दर वेळी त्याच खुणा करायची. हे शेवटचं असेल तर? यानेही नाही झालं तर माझं काय करणार ही माणसं? मी ते एकदा मिलिंदसमोर मोठ्याने बोलले.

“मला पण तीच भीती आहे,” तो म्हणाला. “आई सात महिने बोललेली नाही नीट. मी कामावर जातो ना, तेव्हा दिवसभर... फोन वाजला की तार सुटते माझ्या हातातून.”

एवढंच बोललो आणि खाली जाऊन गाडीवरचं दालपकवान, कडक पुरी आणि डाळ, खाल्लं. गयाबाईंना त्याने घास घास भरवला.

चौदाव्या सिटिंगनंतर मी बाकावर येऊन बसले, त्याच्याकडे पाहिलं आणि... मला राग आला. काय हा चष्मा! माणूस रस्त्याने असा फिरतो? डावी दांडी पाऊण सेंटिमीटर खाली आणि याला पत्ता नाही. माझे अंगठे शिवशिवायला लागले.

“काय बघतेस?” आम्ही अहो-जाहोवरून कधी उतरलो होतो, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“काही नाही.”

“हसलीस तू आत्ता.”

“खोकला आला.”

“असा खोकला?”

“माझा असाच असतो.”

इतक्या महिन्यांनी मला काहीतरी खटकलं होतं. मी सांगणारच होते त्याला, इतक्यात दार उघडलं आणि गयाबाई बाहेर आल्या. मान तशीच खाली. मिलिंदने गुडघ्यावर बसून त्यांच्या पायात चपला घातल्या आणि विचारलं, “कसं वाटतंय, आई?” तो रोज विचारायचा, अगदी त्याच आवाजात. त्या चपलांकडेच बघत राहिल्या. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्या दिवसापासून मी बरं होणं लपवायला लागले. ऐकायला वेडेपणाच वाटतो. डॉक्टर मॅडमना खरं सांगायची. कागदावरच्या खुणा सरकायला लागल्या होत्या, पण तो कागद मी हाताआड भरायची. त्याच्यासमोर मान खाली घालून बसायची, चष्म्याकडे बघायचंच नाही असं ठरवून. माझं मशीन लागू पडतंय आणि त्याच्या आईचं नाही, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

आणि आणखी एक भीती होती, ती तर कुणालाच सांगता येण्यासारखी नव्हती. मला तो आवडायला लागला होता. सिटिंगचे अकरा कधी वाजतात याची मी घरी सकाळपासून वाट बघायची. पण पहिल्या दिवशी अंगठा उडाला होता तसंच हे असेल तर? कॉईलने उठवलेलं? तिसाव्या सिटिंगनंतर मशीन थांबेल आणि माझ्या आतला मिलिंदही थांबेल... या विचाराने मी रोज उरलेल्या सिटिंग मोजायची.

पाचव्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याने चष्मा काढून हातात धरला होता.

“आईचा स्कोअर हलला नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांना गुण येतोच असं नाही म्हणाल्या. कुणाकुणाला उशिरा येतो. तीस झाल्यावर बघू, पुढे थोड्या वाढवू, नाहीतर दुसरं काहीतरी करू...” त्याने सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. मी त्याचा हात धरायला हात उचलला आणि पर्सची चेन लावली.

तिसावी सिटिंग शुक्रवारी होती. मशीन थांबलं तसं शलाकाताईंनी कानातले बोळे काढून घेतले आणि म्हणाल्या, “झालं. आता पुन्हा यायचं ते नुसतं दाखवायला.” मी बाहेर येऊन बाकावर बसले. गयाबाई आत गेल्या. खिडकीवर पाऊस भुरभुरत होता.

“आईच्या सिटिंग पुढे वाढवल्यात. सोमवारपासून हा बाक मला मोठा होणार,” मिलिंद म्हणाला.

मी केसात पिना लावत राहिले.

“तुला बरं वाटतंय ना? दोन-तीन आठवडे झाले.”

“कुणी सांगितलं?”

“तू पकवान खाताना मीठ कमी आहे म्हणालीस. त्याआधी काहीही दिलं तरी ‘ठीक आहे’ म्हणायचीस.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू लपवत होतीस. म्हटलं, हिला भीती वाटत असेल.”

“वाटत होती!” माझा आवाज फाटला. “काकूंना काहीच नाही आणि मला मात्र... कसं सांगणार होते मी?”

“वेडी आहेस का? या बाकावर कुणाला तरी लागू पडतंय, हे बघायलाच मी रोज यायचो. नाहीतर तिला इथे आणायचा धीर कुठून आणला असता मी?”

मला रडू आलं. खरं, ओलं, खारट रडू, आणि तेही किती महिन्यांनी. मग मी सगळंच बोलून टाकलं. “पण हे माझं आहे की मशीनचं, मला कळत नाही. तू... तू आवडतोस मला, ते.”

तो लालभडक झाला. चष्मा आणखी वाकडा झाला.

“मशीन तर आज थांबलं,” तो सावकाश म्हणाला. “मग... महिनाभर थांबू. एक महिन्याने मी विचारतो, अजून आवडतो का. माझं विचारायची गरज नाही. मला कुठलं मशीन लावलेलं नाही.”

दार उघडलं. गयाबाई बाहेर आल्या. तो सवयीने खाली बसला आणि त्यांच्या पायात चपला सरकवायला लागला. त्या त्याच्याकडे बघत होत्या. बघतच राहिल्या.

“चष्मा वाकडा हाय तुजा,” त्या म्हणाल्या.

“हो गं, जुना झालाय,” तो चपलेचा पट्टा लावत म्हणाला. “कसं वाटतंय, आई?”

मी बाकावरून उठले.

“मिलिंद,” मी म्हणाले, “त्यांना विचारू नकोस. त्यांनी आत्ताच सांगितलं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आईकडे वळला. मग त्याला उमगलं. त्याला काही दिसेनासं झालं असावं, कारण त्याने चष्मा काढला आणि मी तो त्याच्या हातातून घेतला. तार काढली. पर्समध्ये माझा जुना छोटा पेचकस आणि दोन-चार स्क्रू अजून होते. स्क्रू बसवला. दांडी दोन्ही अंगठ्यांमध्ये धरली आणि हळू वाकवली. भीती होतीच. उद्याची होती, परवाची होती, काकूंची होती, माझी स्वतःची होती. पण मशीन आत बंद होतं आणि अंगठे चालत होते.

मी चष्मा त्याच्या ओल्या डोळ्यांवर चढवला.

“महिनाभर थांबायचं ठरलंय ना?” तो पुटपुटला.

“मला नाही थांबायचं.”

गयाबाई पुढे झाल्या. त्यांनी मान जरा तिरकी करून त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि माझा हात धरला, पहिल्या दिवशी जिन्यात धरला होता तसा.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “डावी बाजू अजून जराशी खाली हाय.”

मी पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.