आयोनोनचा कॅन

पौड ठाण्यात फोन खणखणला तेव्हा जमादार भिवाजी शेडगे बूट काढून पाय चोळत बसले होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते, पण कटकटी काही संपत नव्हत्या.

"आयोनोनचा कॅन चोरणारी बाई सापडलीय," कारखान्याचे मॅनेजर केतकर ओरडत होते. "लवकर या!"

गवती चहाच्या तेलापासून तिथे आयोनोन हे सुगंधी रसायन निघायचं. थोडं अत्तरवाल्यांना जायचं, बाकीचं व्हिटॅमिन 'ए' करणाऱ्यांना. फाटकातच पावडरच्या डब्यासारखा गोड वास शेडग्यांच्या नाकात घुसला. केबिनमध्ये अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत तो वास गेलासुद्धा.

"माल कमी भरत होता, म्हणून आज दहाला अचानक फाटकावर झडती लावली," केतकर म्हणाले. "अकराला हिच्या झाडूच्या खोलीत कॅन सापडला."

झाडूवाली साळूबाई भिंतीशी उभी होती. विधवा, पदरात तीन पोरी. नोकरी गेली तर चूल बंद, वर तुरुंग.

"कॅन तुझ्या झाडूच्या खोलीत कसा आला?"

"मला न्हाई ठाव, जमादार. मी हात बी लावला न्हाई."

"सापडला कुणाला?"

"मला," शिफ्ट इंचार्ज जयवंत म्हणाला. "सातपासून प्लांटमध्येच होतो. खोलीवरून जाताना आयोनोनचा वास आला. दार उघडलं, तर पोत्याखाली कॅन!"

शेडगे जिना चढून प्लांटमध्ये गेले. गुडघे ठणकत होते. ऑपरेटर सोपान मीटरवरची नजर न काढता बोलला, "इथनं हलता येत न्हाई, सायेब. प्लांट येकदा बंद पडला की चालू करायला तीन दिस जात्यात."

"वासाने डोकं उठत असेल."

"कसला वास? आत आलं की पाच मिन्टांत नाक मरतं. घरी बायको नाक मुरडती, तवा कळतं."

शेडगे खाली आले. त्यांनी प्लांटमधून आणलेल्या दोन चिंध्या टेबलावर ठेवल्या.

"जयवंतराव, एकीवर आयोनोन आहे. कुठल्या?"

जयवंतने दोन्ही हुंगल्या. पुन्हा हुंगल्या. "ही, डावी."

"अहो, दोन्हींवर आहे!" शेडगे खुर्चीत टेकले. "सातपासून आत असलेल्याला हा वास येतच नाही. माझंसुद्धा नाक चहा होईपर्यंत मेलं. म्हणजे कॅन तुम्हाला वासाने सापडला नाही. तो तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुम्हीच ठेवला होता. झडती लागली, कॅन बाहेर जाईना. मग टाकला गरिबाच्या अंगावर. बोला, घेणारा कोण?"

जयवंत घामाने निथळत होता. "पुण्यातला अत्तरवाला," तो पुटपुटला.

केतकरांनी घसा खाकरला. "साळूबाई, जा कामाला."

"जाते. आदी सगळ्यांम्होरं सांगा, मी चोर न्हाई."

"प्लांट चालू आहे, बाई. सगळ्यांना बोलावणार कसं?"

"मग तुम्ही वर जा," शेडगे म्हणाले. त्यांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, पण आता त्यांना संताप आला होता. "एकेका माणसाजवळ जाऊन सांगा. मी बसलोय."

केतकर उठले. साळूबाई त्यांच्या मागोमाग जिना चढली. एकेका मीटरपाशी ते वाक्य तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, बावीस वेळा.