दसऱ्याला भरलेले डबे

नीलम्माने झाकण काढून शेंगाचटणीचा डबा पूनमपुढे सरकवला. लाल चटणीवर बुरशीचे हिरवट ठिपके होते.

"कुनीतरी मुद्दाम नासवलंय, ताई. आमच्या हातचं असं कदी झालं न्हाय."

शुक्रवार पेठेतले तिचे दुकान म्हणजे एक उखळ, एक फळी आणि मागच्या खोलीत सासू. यंदा एका सोसायटीने ठरवले, दिवाळीची भेट मॉलमधून नको, पेठेतूनच घ्यायची. ती मागणी नीलम्माला मिळाली. पहिल्याच खेपेतले कित्येक डबे बुरसलेले निघाले आणि सगळी खेप परत आली. कारण सांगा, नाहीतर मागणी रद्द, असा निरोप होता.

पूनम खासगी तपास करायची. सोबत मावसभाऊ जोतिराम. त्याची गाडी सुसाट, डोके मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

"बसूचंच काम," त्याने डबा बघताच निकाल देऊन टाकला.

समोर मिक्सरवरच्या चटणीचे दुकान टाकलेला बसू हसला. "डब्यांना चिकटपट्टी हुती की. ती सोसायटीवाल्यांनीच फोडली. मी काय मुंगी होऊन आत शिरलो?"

ते खरे होते. जोतिराम हिरमुसला.

चटणी कुटणाऱ्या कस्तुराबाईला नीलम्माने कालच कामावरून काढले होते. पूनम तिच्या घरी गेली, तर ती दारातच उभी राहिली.

"उखळ मुद्दाम ओलं ठिवलंस म्हनली, समद्या गल्लीदेखत! दसऱ्याचे डबे तेवढे नासले. दुसऱ्या दिवशी त्याच उखळात कुटलेले चांगले हायत की!"

"दसऱ्याला वेगळं काय केलंत?"

"काय बी न्हाय. चटणी गरम हुती, वाफ धरू नये म्हून डबे उघडे ठिवले. आन् मी नि नीलम्मा देवळात सोनं वाटाया गेलो. आल्यावर झाकणं लावली."

दुकानात परतून पूनमने चमच्याने डबा खणला. खाली चटणी कोरडी, खमंग होती. दुसऱ्या डब्यात एक वाळकी पिवळी पाकळी सापडली.

"मिरचीचं साल असंल," जोतिराम म्हणाला.

पूनमने उखळाकडे पाहिले. त्यावर कुंकू होते आणि झेंडूची सुकलेली माळ.

"मागणी पोचली का गं?" आतून सासूने, सोजरबाईंनी विचारले.

"पोचली, आत्या."

"पोचनारच! लई वर्सं नाकं मुरडली म्या, घरची लक्ष्मी दारात बसून इकती म्हून. यंदा मातर सोताच्या हातानं पूजा केली. अगदी साग्रसंगीत!"

पूनम नीलम्माला बाहेर पायरीवर घेऊन आली.

"उखळ ओलं असतं तर चटणी तळापर्यंत नासली असती. ठिपके फक्त वर आहेत, म्हणजे पाणी वरून पडलं. पट्टी शाबूत, म्हणजे झाकण लावायच्या आधी. डबे उघडे होते दसऱ्यालाच, तुम्ही देवळात गेलात तेव्हा. घरात फक्त सोजरबाई. उखळाला माळ घातली, मग झेंडूचं फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं. उखळावर, आणि डब्यांवरही."

"म्हंजी गुन्हेगारच न्हाय?" जोतिराम पुटपुटला.

"नाही. नुसता आशीर्वाद आहे."

लग्न होऊन आल्यापासून कौतुकाच्या ज्या एका शब्दासाठी नीलम्मा झुरत होती, तो मिळाला आणि त्यानेच घात केला. रागवायचे तरी कोणावर?

तिने सोसायटीला फोन लावला. "माज्याच हातनं पानी सांडलं, साहेब." पलीकडचा माणूस भला होता, पण भेटी आता मॉलमधूनच घ्यायचे ठरले होते. मग ती कस्तुराबाईच्या दारात हात जोडून उभी राहिली. कस्तुराबाईने तिचे डोळे पुसले, पण तिने बसूकडे कामाला जायचा शब्द दिला होता. पूनमपाशीही यावर काही इलाज नव्हता.

परतलेल्या खेपेतले चांगले डबे नीलम्माने फळीवर मांडले. सोजरबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या. हातात तांब्या, तांब्यात फूल.

"ही दुसरी खेप का? थांब, पूजा करते."

जोतिराम पुढे सरसावला. पूनमने त्याचा हात धरला.

नीलम्माने एकेक झाकण घट्ट दाबले आणि डोक्यावर पदर घेतला.

"करा, आत्या," ती म्हणाली.