एकशे सत्तेचाळीस नंबर

लेशेक दोमागावा रेल्वेत सिग्नलचा फोरमन होता. वय अठ्ठावन्न. पोझ्नान शहराच्या प्रदर्शन-मैदानात दरवर्षी चित्रकथांच्या चाहत्यांचा तीन दिवसांचा मोठा मेळा भरतो, हे त्याला ठाऊक होतं. कारण त्या दिवसांत त्याच्या गावच्या, पिवाच्या स्टेशनावर पंख आणि तलवारी सांभाळत पोरं गाडीत चढायची. स्वतः तो कधी गेला नव्हता. या शनिवारी गेला.

गेला तो तादेकसाठी. तादेक त्याचा थोरला भाऊ, पिवाच्या हॉस्पिटलात होता. सोमवारी सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सहा वर्षांपूर्वी आईच्या दफनाला लेशेक उशिरा पोचला, तेव्हा तादेक सगळ्यांदेखत नको ते बोलला, लेशेकनेही उलट उत्तर दिलं, आणि तेव्हापासून अबोला होता. लहानपणी दोघांनी एकच चित्रकथा फाटेपर्यंत वाचली होती, ‘समुद्रतळाचा पहारेकरी’. लेशेक पानं उलटायचा आणि तादेक सगळ्यांचे आवाज काढायचा. तिचे चित्रकार आता सत्त्याऐंशीचे होते आणि या मेळ्यात शेवटच्या सह्या देणार होते. पिशवीतल्या त्या जुन्या पुस्तकावर सही घ्यायची, पावणेचारची गाडी पकडायची आणि संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत पुस्तक भावाच्या हातात ठेवायचं, एवढाच बेत होता.

फाटकात मनगटाला पिवळी पट्टी बांधली गेली. आत एक ड्रॅगन चालला होता आणि त्याची शेपटी दोन पोरी उचलून चालल्या होत्या. चिलखत घातलेला एक माणूस कठड्यावर बसून बटाट्याचे पॅनकेक खात होता. निळा चेहरा रंगवलेल्या एका मुलीने लेशेकच्या रेल्वेच्या जाकिटाकडे निरखून बघितलं.

“काका, तुम्ही कोण झालात?”

“सिग्नल फोरमन.”

“भारी जमलंय,” ती मनापासून म्हणाली.

लेशेकला हसू आलं. इथे कुणी कुणाला हसत नव्हतं, हे त्याला आवडलं. तादेक बरा झाला की पुढच्या वर्षी त्याला आणू, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

सह्यांची रांग तिसऱ्या दालनाच्या भिंतीला लागून होती आणि पुढे एका रुंद दारातून बोळात शिरली होती. लेशेक शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे पाणबुड्याच्या वेषातला एक जाडसर माणूस होता, पितळी शिरस्त्राण काखेत धरलेला. त्याच्याही पुढे सत्तरीच्या एक बाई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर शाळकरी वही, दोरीने बांधलेली पेन्सिल.

“नाव?” बाईंनी विचारलं.

“हे कशासाठी?”

“यादी. तासाला हजेरी. जो ओ देत नाही, त्याचं नाव कटतं. तुमच्या वयाच्या माणसाला हे सांगावं लागतं?”

लागत नव्हतं. मांसासाठी, बुटांसाठी, फ्रिजसाठी अशा रांगा त्याने तरुणपणी, टंचाईच्या काळात बघितल्या होत्या. त्याने नाव सांगितलं, वहीत सही केली. नंबर आला एकशे सत्तेचाळीस.

“हाल्शकाबाईंची यादी पक्की असते,” पाणबुड्या म्हणाला. “इथे घुसखोरी नाही.”

एक हडकुळा माणूस पावाची पुडी घेऊन लेशेकच्या मागे येऊन थांबला. रांग सरकली. सगळे बोळात शिरले.

बोळ राखाडी-हिरव्या रंगाचा होता. वर नळ गेलेले, खिडकी एकही नाही. दालनातला गलका थोडा वेळ मागून येत राहिला, मग विरला. उरला तो पावलांचा आवाज आणि जुन्या लोकरीचा, उकडलेल्या अंड्यांचा वास. रांग बऱ्यापैकी सरकत होती. बोळ उजवीकडे वळला. पुन्हा उजवीकडे. लेशेकला रुळांचे नकाशे डोक्यात ठेवायची सवय होती, त्यामुळे तो न ठरवता मोजत गेला. चौकोनी वळणं, सारख्याच लांबीचे तुकडे. अशी चार उजवी वळणं घेतली की माणूस निघाला तिथे यायला हवा. तो सातव्या वळणावर होता.

“उतार आहे का इथे?” त्याने विचारलं. “खाली चाललोय का आपण?”

“नाही बुवा,” पाणबुड्या म्हणाला. “सपाट आहे.”

“तुम्ही कशावर सही घेणार?”

पाणबुड्याने आपले रिकामे हात बघितले. बराच वेळ बघितले. “होतं काहीतरी,” तो म्हणाला.

त्याच्या मनगटावरही पट्टी होती. तिचा रंग पार उडाला होता, आणि दोन्ही कडांना कातडी तिच्यावर चढली होती, झाडाची साल तारेवर चढते तशी.

साडेअकराची हजेरी झाली. साडेबाराची झाली. लेशेक दोन्ही वेळा “हजर” म्हणाला. मग त्याने पिशवी खांद्याला लावली.

“हाल्शकाबाई, माझं नाव कापा. मला जायचंय. भाऊ आजारी आहे.”

“जा ना,” बाई वहीतून वर न बघता म्हणाल्या. “जागा धरते मी.”

“नका धरू. परत येत नाही मी.”

“सगळे तसंच म्हणतात,” मागचा हडकुळा माणूस तोंडातला पाव चावत म्हणाला.

लेशेक रांगेच्या उलट दिशेने निघाला. आता वळणं डावीकडे येत होती. लोक भिंतीला टेकून उभे होते, काही घोंगडीवर बसले होते. एका बाईच्या डोक्यावर पऱ्यांचा मुकुट होता आणि त्याच्या प्रत्येक टोकावर धूळ होती. कुणी वाट अडवली नाही. उलट सगळे पाय आखडून घेत होते. तो पंधरा मिनिटं चालला. मग धावला. रुंद दार लागलं नाही.

अकराव्या वळणानंतर समोर एक स्टूल दिसलं. स्टुलावर हाल्शकाबाई. तो रांगेच्या मागच्या टोकाकडे निघाला होता, आणि आला त्यांच्या समोरून. त्यांच्या मागे पाणबुड्या, मग एका माणसापुरती मोकळी जागा, आणि त्या जागेमागे पाव खाणारा हडकुळा.

तो तिथेच उभा राहिला.

“दार कुठे गेलं?”

“सरका आत,” पाणबुड्या हलकेच म्हणाला. “रांग हलतेय.”

“माझी गाडी आहे. भावाकडे जायचंय मला.”

“काळजी करू नका. बाहेरची कामं अडत नाहीत.”

“म्हणजे?”

“होतात.”

“कोण करतं?”

पाणबुड्याने मान दुसरीकडे वळवली. हाल्शकाबाई पेन्सिलीला टोक काढत होत्या.

लेशेक मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती.

दीडची हजेरी. अडीचची. साडेतीनची. त्याने ओ द्यायची नाही असं दर वेळी ठरवलं, आणि दर वेळी दिली.

चारच्या सुमारास फोनला जेमतेम रेंज आली. त्याने तादेकचा नंबर लावला. सहा वर्षांत लावला नव्हता, पण बोटांना पाठ होता.

“हॅलो,” तादेकचा आवाज. थकलेला, तरी मोकळा.

“दादा, मी लेशेक.”



“कोण?”

“लेशेक बोलतोय. मी पोझ्नानला आहे, अडकलोय. तुझ्यासाठी पुस्तक...”

“अहो, लेशेक इथे बसलाय माझ्याजवळ. दुपारीच आला पुस्तक घेऊन.”

लेशेकने पिशवीत हात घातला. पुस्तक तिथेच होतं. त्याचा उसवलेला कणा त्याच्या बोटांना लागला.

“दादा, ऐक. तो मी नाही.”

तादेक हसला. चिडून नव्हे. पोट धरून हसायच्या आधी तो लहानपणी असाच हसायचा, आणि लेशेक ते हसू विसरून गेला होता.

मग पलंगाजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी विचारलं, “दादा, कोण आहे?”

आवाज खोल होता, जरासा घोगरा. स्वतःचा असा आवाज लेशेकने कधी टेपवर ऐकला होता तेवढाच.

“कुणी नाही रे,” तादेक म्हणाला. “चुकून लागलाय. तू ते पान वाच पुढे.”

तो आवाज वाचू लागला. खोकण्यासाठी तो थांबला, तेव्हा पोझ्नानच्या बोळात लेशेकचा घसा खवखवला.