रितेशच्या होडीची चावी

मी भाविका, थळची. घरात बसून मच्छीमार सोसायटीसाठी प्रोग्रॅम लिहिते, आणि आई अजून सगळ्यांना सांगते की पोरगी दिवसभर फोन खेळते. वादळाचा इशारा आला की माझा प्रोग्रॅम किनाऱ्याजवळच्या होड्यांना फोन लावतो आणि माझ्या आवाजातलं एकच वाक्य ऐकवतो, 'वारा फिरलाय, परत या.'

प्रोग्रॅमचे चार वर्कर, म्हणजे त्याचेच चार हात, एकदम फोन लावतात. दोघांनी एकाच होडीला गाठू नये म्हणून प्रोग्रॅममध्येच प्रत्येक होडीची एक चावी ठेवली आहे. चावी ज्याच्याकडे, त्यानंच फोन लावायचा, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. शिवाय आमच्याकडे तिसऱ्या हाकेलाच ओ देतात. भूत म्हणे तिसऱ्यांदा हाक मारत नाही. होड्या चालवणारे तांडेल फोनलाही हाच नियम लावतात, पहिले दोन खुशाल कापतात! म्हणून वर्करला मी तीनदा फोन लावायला शिकवलं.

परवा दुपारी वारा फिरला. सगळ्या होड्यांना निरोप गेले, माझ्या भावाची, रितेशची तेवढी रांगेत अडकली. तिची चावी कोणीतरी घेतली होती. पण चारही वर्कर रिकामे! प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. वर्कर रिकामेच, चावी गेलेलीच. माझ्या फोनवरून लावला, तर व्यस्त. डोकंच चालेना.

"रित्याला लागला का गं?" आईनं दारातून विचारलं.

"कोणीतरी बोलतंय त्याच्याशी..."

"कोण?"

मला काय ठाऊक! मी पुन्हा नंबर लावला.

बाकीच्या होड्या आल्या, रितेशची नाही. आम्ही दोघी किनाऱ्यावर थांबलो. उजेड जाता जाता ती दिसली आणि आई रडत रडत पाण्यात शिरली.

"दोनदा कापला, तिसऱ्याला उचलला," रितेश उतरता उतरता म्हणाला. "तू वाट सांगितलीस म्हणून वाचलो. खडक न् खडक चुकवलास."

"अरे, ते रेकॉर्डिंग हाय. एकच वाक्य बोलतं."

"मस्करी करतेस व्हय?" तो हसला, मग थांबला. "मग सारखं आईचं काय विचारत होतीस? घरात एकटी कधी असते... दार लावते का..."

त्यानं खिशातून फोन काढला. कॉल अजून चालूच होता. मी तो कानाला लावला.

"पोचला ना?" माझाच आवाज हळूच म्हणाला. "आता आईला दे..."

"कोणाचा गं?" आईनं ओला हात पुढे केला.

मी फोन घट्ट धरून ठेवला. तो बंद करायचीही मला भीती वाटत होती.